चकाकीखालची चीर

मित्रांनो, मी एक जुना पंच आहे. पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा पोलादी दांडा. उंची जेमतेम बोटभर, पण रुबाब मोठा, हे आधीच कबूल करतो. १९८१ साली वसईच्या एका छोट्या कारखान्यात मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं, कडक केलं आणि प्रेसमध्ये बसवलं. स्टोव्हच्या चकत्यांना भोकं पाडणं हे माझं काम.

प्रेसवर सुभद्राबाई बसायच्या. त्या चकती आत सरकवायच्या, पायाने पायंडल दाबायच्या आणि मी खाली यायचो. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर असे.

लाखभर भोकांनंतर माझी धार बोथट झाली. तेव्हा आमचे मुकादम पीटरभाऊ यांनी मला नंदाखाल गावच्या क्लेमेंटकडे क्रोम चढवायला धाडलं. त्याने मला घासून नवी धार काढली, तेजाबाच्या टाकीत सोडलं आणि वीज दिली. केसाहून पातळ थर चढला, पण इतका कठीण की पुढची तीन लाख भोकं मी सहज पाडली. सगळे कौतुक करायचे. मी शेफारलो.

टाकीत एक वायू पोलादात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. म्हणून टाकीतून काढल्यावर लगेच भट्टीत चार तास शेकावं लागतं. क्लेमेंट हे कधी चुकवत नसे.

दुसऱ्या खेपेला मी टाकीतून निघालो तो गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी. क्लेमेंटला प्रार्थनेला चर्चमध्ये पोहोचायचं होतं, आणि शुक्रवारी त्याच्या घरचे भट्टी पेटवत नाहीत की हातोडा उचलत नाहीत. "शनिवारी शेकतो," म्हणत त्याने कुलूप लावलं. त्या दीड दिवसात माझ्या पोटात काहीतरी तडकलं. शनिवारच्या भट्टीने ते भरून आलं नाही. वरून मी लखलखत होतो. मला फार भीती वाटत होती, आणि सांगायला तोंड नव्हतं.

प्रेसमध्ये परतल्यावर प्रत्येक ठोक्याला चीर वाढू लागली. मी फुटलो असतो तर तुकडा थेट सुभद्राबाईंच्या डोळ्यात गेला असता. चौथ्या दिवशी त्यांनी पायंडलावरचा पाय काढला.

"पीटरभाऊ, ह्याचा आवाज फुटका येतोय. मी पाय देनार नाय."

"बाई, नवं क्रोम हाय त्याच्यावर. चमक तर बघा."

"चमक काय बघू? डोळे माझे जानार."

पीटरभाऊंनी कुरकुरत मला काढलं आणि ऐरणीवर हलकेच ठोकलं. माझे दोन तुकडे झाले. क्लेमेंटला बोलावलं, तेव्हा तुकडे हातात घेऊन त्याने सगळं खरं सांगितलं.

सुभद्राबाईंनी विचारलं, "त्या दिवशी टाकीत हा एकलाच व्हता?"

"नाय," क्लेमेंट म्हणाला. "चार व्हते."

बाकीचे तीन शोधत तो आठवडाभर सायकलवर फिरला. दोन सापडले. चौथा नालासोपाऱ्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मशीनसकट विकला गेला होता. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मशीनसमोर बसाल तेव्हा चमकेला भुलू नका. आवाज ऐका, आणि शंका आली की पाय काढा. तो चौथा पंच अजून कुठेतरी चकाकतो आहे, आणि त्याच्यासमोर कोणीतरी बसलेलं आहे.