मुलींचा रकाना

तिने तक्ता उचलला, उलटा फिरवला आणि सही न करताच सरांच्या पुढ्यात सरकवला.

“यावर मी सही करणार नाही, सर.”

लॅबप्रमुख डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. वयाने ते तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी.

“अहो ताई, निरोगी बाळाच्या रक्तातले आकडे किती असावेत याचा हा तक्ता सोमवारपासून प्रत्येक बाळाच्या रिपोर्टवर छापायचाय. सहा ते नऊ महिन्यांच्या मुलींचे आकडे कमी पडतायत ना? मग मुलांचेच लावून टाका. एवढ्याशा जिवांत असा काय फरक असणार?”

“असतो की नसतो, तेच बघायला तीन वर्षं घातलीत मी.”

“आणि नसलाच तर?”

“तर तसं लिहीन. पण बघून लिहीन.”

तीन वर्षं ती निरोगी बाळांच्या रक्ताचा उरलासुरला थेंब त्यांच्या आईला विचारून जमवत होती. सगळी लॅब तिला थेंबताई म्हणायची, काही आगाऊ मंडळी तोंडावरसुद्धा. याची सुरुवात झाली ती पाच महिन्यांच्या एका मुलीपासून. तिच्या रक्तातलं एक एन्झाइम कुणीतरी मोठ्या माणसाच्या मापाने मोजलं, आकडा लाल छापला गेला आणि पोर आठ दिवस वॉर्डात पडली. टोचून टोचून हातापायांवर जागा उरली नाही. तिला काहीही झालेलं नव्हतं. ती फक्त वाढत होती.

मुलांचे आकडे बघता बघता जमले. गुटगुटीत मुलाला लोक हौसेने तपासून घेतात. मुलीच्या बाबतीत मात्र एका आजीने फटकारलं होतं, “हिला काय धाड भरलीय? हिचं रक्त कशाला?” ते आठवलं की थेंबताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि आता त्या रिकाम्या जागा मुलांच्या आकड्यांनी बुजवायच्या? म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच मापाने पोरींना मोजायचं.

“तुमची बदली करावी लागेल,” सर म्हणाले.

“खुशाल करा. सही मिळणार नाही.”

शुक्रवारी दुपारी सर स्वतः एक नळी घेऊन आले. नळीवर त्यांच्याच मुलीचं नाव होतं. साडेसात महिन्यांची पोर तीन दिवस तापाने फणफणली होती आणि बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. नळी तिच्या हातात देऊन ते जायचं सोडून यंत्रापाशीच घुटमळत राहिले. दोनदा मोबाईल काढला, दोनदा खिशात ठेवला.

पडद्यावर त्याच एन्झाइमचा आकडा आला.

“जास्त आहे का हो, ताई?”

“मुलांच्या रकान्यात बघितलं तर जरा जास्त आहे.”

“आणि मुलींच्या?”

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. तिला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. तरीही खोटा दिलासा द्यायला जीभ रेटेना.

“मला नाही सांगता येणार, सर. बालरोगतज्ज्ञ बाळाला बघून सांगतील. नुसत्या या आकड्यावरून आज कुणालाच सांगता यायचं नाही.”

सर स्टुलावर बसले. मग त्यांनी छपाईवाल्याला फोन लावला आणि सोमवारचं काम थांबवायला सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. त्यांनी सांगितलं नाही.

“किती मुली कमी पडतायत?” फोन ठेवून त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“म्हणजे हिला धरून आठच राहिल्या.”

तिने नळी स्टँडमध्ये ठेवली.

“नऊच, सर,” ती म्हणाली. “यात ठणठणीत मुलीच धरायच्या.”