मी वाजले की बकऱ्या येतात

मी पितळेची घंटी बोलतेय. आवाज जरा फुटका आहे, पण तोरा शाबूत आहे, तेव्हा ऐकून घ्या.

माझं अर्धं आयुष्य वडनेरच्या कोकिळाबाईंच्या देवघरात गेलं. एकदा हातातून पडले आणि मला तडा गेला. तडा गेलेली घंटी देवापुढे चालत नाही म्हणे, म्हणून माझी रवानगी गोठ्यात झाली. मला फार अपमान वाटला.

गोठ्यात बाईंच्या बकऱ्या होत्या. चरता चरता त्या हायवेवर जायच्या. एक तर ट्रकखाली येऊन मेली. तेव्हा बाईंचे यजमान गोपालराव म्हणाले, "आता एक जरी सडकेवर दिसली, त साऱ्या विकून टाकीन." बाईंचा सगळा जीव त्या बकऱ्यांत. बोलावलं की परत येतील अशी सवय लावायची, म्हणून त्यांनी मला हातात घेतलं.

पण सवय लावायची रीत बघा. आधी घमेल्यात सरकीची ढेप टाकायची आणि मग मला वाजवायचं. बकऱ्यांची तोंडं ढेपेत, माझ्याकडे ढुंकून कोण बघतंय? मी आपली घसा ताणून वाजतेय.

शेवटी बाईंची लेक आकांक्षा म्हणाली, "आई, त्या त खाऊन राह्यल्या. आता घंटी काऊन वाजवतं?"

"नैवेद्य ठेवल्यावरच वाजवतात ना?"

"बकऱ्या देव आहेत काय? आधी वाजव, मंग टाक."

दुसऱ्या दिवशी मी आधी वाजले खरी, पण बाई शेजारच्या मोहिनीशी बोलत उभ्या राहिल्या. ढेप येईपर्यंत बकऱ्या मला विसरूनही गेल्या. मग आकांक्षाने भरलेलं घमेलं आईच्या काखेतच दिलं. मी वाजले की लगेच ढेप. रोज तसंच. हळूहळू माझा आवाज आला की बकऱ्या माना वर करायला लागल्या.

परवा कुंपण मोडलं आणि सगळ्या हायवेकडे सुटल्या. गोपालराव काठी घेऊन मागे धावले, तशा त्या आणखीच पळाल्या. समोरून ट्रक येत होते. बाईंनी अंगणातून मला जीव खाऊन वाजवलं.

बकऱ्या थबकल्या. वळल्या. आणि एकूण एक उधळत गोठ्यात आल्या, गोपालरावांना मागे टाकून! बाईंनी तत्काळ ढेप ओतली, डोळे पुसत पुसत.

गोपालराव धापा टाकत आले. "नाई विकत," म्हणाले. "अन् घंटीले परत देवघरात ठेवजो."

नको हो, तेवढं करू नका. तिथं इतकी वर्षं वाजले, पण कोण आलं, कोण नाही, मला कधी कळलंच नाही. इथं मी वाजते आणि सगळ्या धावत येतात.