बधिर जबड्याचा अल्बम

आत्यानं नकार दिला आणि रेकॉर्ड कंपनीचा साहेब हात हलवत परत गेला. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. साहेब अजून यायचाय, आत्या दातांच्या दवाखान्यात चिमटे उकळतेय आणि मी बाकावर गाल धरून बसलोय.

आत्या इथली मदतनीस. तरुणपणी तिनं मित्रांच्या बँडबरोबर एक अल्बम केला. ड्रीम पॉप. म्हणजे गिटारवर इतका प्रतिध्वनी चढवायचा, की गाणं शेजाऱ्यांकडे चाललंय असं वाटावं. रेकॉर्डिंगच्या दिवशीच तिची अक्कलदाढ काढली. स्टुडिओ तासांवर घेतलेला, त्यामुळे इंजेक्शन उतरायच्या आत गावं लागलं. शब्द ओठांवरून नुसते ओघळले. कव्हर छापलं तेव्हा ती सुजलेला गाल घेऊन घरी झोपली होती. तिचं नावच छापायचं राहिलं. पुढे देशोदेशीचे गायक तसंच ओघळतं गायला लागले. धडधाकट जबड्यांनी!

साहेब आला. "मॅडम, तोच अल्बम पुन्हा गा. या वेळी शब्द स्वच्छ. जुना बंद करू, नव्यावर तुमचं नाव. हे एवढं मोठं!"

आत्याचा चिमटा हवेत थांबला. पाहुण्यांना अल्बम दाखवताना ती अजून कव्हरच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवते.

"बघते," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खुर्चीत, इंजेक्शन घेऊन बसलेली एक मुलगी भीती घालवायला गुणगुणू लागली. तेच गाणं. मग किंचाळलीच.

"काकू, जमलं! अगदी तसंच ओघळलं! चार वर्षं झाली, आमच्या बँडमधले म्हणतात मी फार स्पष्ट गाते!"

"मूळचं कोणी गायलंय गं?"

"कुणालाच माहीत नाही. पण बाई जबरदस्त असणार."

"असेल. आ कर."

आत्याचे कान लाल झाले होते. ती साहेबाकडे वळली. "शब्द स्वच्छ हवे असतील तर बातम्या लावा."

"आणि नाव?"

"नावावाचून काही अडलंय का त्या पोरीचं?"

साहेब गेला. मी म्हटलं, "आत्या, निदान तिला तरी सांग की!"

"गप रे. पुढचा नंबर तुझा."

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती, की मूळ कव्हरच्या रिकाम्या कोपऱ्यात माझ्या आत्याचे नाव, व त्याखाली बारीक अक्षरांत उजवीकडील खालच्या अक्कलदाढेचा (सध्या मुक्काम: कपाटातील काडेपेटी) उल्लेख पूर्वलक्षी प्रभावाने छापण्यात यावा; आणि त्याकरिता आजवर विकल्या गेलेल्या सर्व प्रती घरोघरून परत मागवण्यात याव्यात.