आयुधपूजेचा टिळा

आयुधपूजेच्या सकाळी नातीला, छोट्या शांभवीला, इडली भरवता भरवता भागीरथीबाईंनी सुनेला बजावलं, "कीर्तना, कॉलेजात पूजा होईतों आत जाऊ नको गे. लोक बोलतात."

"ते लेसर मीच जुळवलंय, अत्या," ती सासूला म्हणाली.

"असेल. नवरा गेलेल्या बाईनं पूजेत दिसू नये." त्यांचं स्वतःचं कपाळही कित्येक वर्षं रिकामं होतं.

तंजावूरच्या त्या कॉलेजात कीर्तनाचे मार्गदर्शक म्हणजे भागीरथीबाईंचे धाकटे भाऊ हनुमंतराव. नवरा गेल्यावर तान्ह्या शांभवीला पाजून, निजवून कीर्तनानं मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकपदरी पापुद्रा काचेवर बसवला होता. केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढा पातळ! लेसरचा डोळ्यांना न दिसणारा झोत त्यावर पडला, की दुप्पट कंपनसंख्येचा निळा प्रकाश निघे आणि पडद्यावर ठिपका उमटे. सोमवारी तो पाहायला दिल्लीहून समिती येणार होती. तिची नोकरी राहणार की जाणार, ते तेव्हाच ठरायचं होतं.

पूजेच्या वेळी प्रयोगशाळेच्या दाराबाहेरून तिनं पाहिलं. मामांच्या पत्नी भुवनेश्वरी यंत्रांना चंदनकुंकू लावत लावत त्या काचेपाशी आल्या.

"मामी, काचेला नको! नमुना जाईल!"

"गप बैस गे!" हनुमंतराव ओरडले. "पूजेत तुझा आवाज कशाला?"

टिळा लागला. पापुद्रा चंदनात गेला.

सोमवारी हनुमंतराव कुजबुजले, "दमट हवेनं बिघडला म्हण. दुसरा नमुना आहे की?"

"आहे, मामा. पहिल्याचं काय झालं ते सांगूनच लावीन."

"घरातली गोष्ट चारचौघांत?"

"घरातली असते, तर मला दाराबाहेर का ठेवलंत?"

समितीसमोर तिनं सगळं सांगितलं. मामांच्या मानेवर घाम दिसला तशी ती मुद्दाम सावकाश बोलू लागली. "हा दुसरा नमुना. विधवेच्या हातचा. लावू का, ते सरांना विचारा."

समितीच्या अध्यक्ष कनकलता हनुमंतरावांकडे वळल्या. "काय सर, चालेल?"

हनुमंतराव पुटपुटले, "लाव."

पडद्यावर निळा ठिपका उमटला.

बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. बोलणी खायच्या तयारीनंच कीर्तनानं चपला काढल्या. भागीरथीबाईंनी शांभवीला तिच्या मांडीवर दिलं, कॉफीचा पेला पुढे सरकवला.

"हनुमंतानं स्वतःच्या लग्नात मला कोठीत बसवलं होतं. सख्ख्या बहिणीला. मंगलाष्टकं मी भिंतीपलीकडून ऐकली." त्या आणखी जवळ सरकल्या. "आता सांग. 'लाव' म्हणताना त्याचं तोंड कसं झालं? काही गाळू नको."