मागं बघायचं न्हाय

वर्षाराणीनं चपलेच्या टाचेनं मुरूम उकरला. खाली धावपट्टीच्या कडेचं सिमेंट लागलं.

"काय शोधालीस गं?" गॅलरीच्या उरलेल्या पायरीवर बसून सासूबाईंनी, आक्कांनी, हाक दिली. "दवाखान्यातनं सरळ घरला जायाचं, तर हितं धुळीत आणलीस लेकराला."

"आलेच, आक्का."

विद्यापीठाचं नवं मैदान झालं आणि हे स्टेडियम ओस पडलं. मग इथं प्रदर्शनांचे मांडव पडले, पुढं जप्त केलेल्या गाड्या गंजत राहिल्या. आता पलीकडून जेसीबी गॅलरी पाडत होता.

मोना मागं मुरमाच्या ढिगाशी खेळत होती, नेहमीसारखी मुकाट. तिसरं सरलं तरी पोरगी बोलत नव्हती. कान चांगले होते. डॉक्टर आजही म्हणाले, वाट बघा. घरात सगळे तिच्या ओठांकडे बघत जेवायचे.

"आईच्या तोंडाला कुलूप न्हाय," आक्का नातीला म्हणाल्या, "तुझ्याच कुणी लावलं गं, बाय?"

वर्षाराणी हसली नाही. सिमेंटवरची फिकट पिवळी खूण तिला सापडली होती. रिलेत ती इथंच पाठमोरी उभी राहायची. मागून बॅटन घेऊन पद्मावती यायची आणि ओरडायची, "हाऽत!" उंच, शेवटाला जरा फाटलेला आवाज. पंचसुद्धा हसायचे.

"मागं बघायचं न्हाय," पद्मावती बजावायची. "बघितलीस की संपलं. मी हाय की मागं."

फायनलच्या आदल्या दिवशी शिरोलीच्या रस्त्यावर ट्रकनं तिच्या गाडीला उडवलं; ती जागीच गेली. त्यांची टीम धावलीच नाही.

जेसीबी थांबला. धूळ खाली बसू लागली. वर्षाराणी खुणेवर उभी राहिली; गुडघा आपोआप वाकला.

"हाऽत!"

मागून. उंच. शेवटाला जरा फाटलेला.

आक्कांच्या मांडीवरची पिशवी घरंगळली. "अगं बोलली! वर्षे, मोना बोलली की गं! मागं बघ!"

वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मान मात्र वळली नाही.

"बघ की गं मागं!"

तिनं हात मागं केला. तळवा वर, अंगठा बाहेर. मुरमावर पावलं वाजत आली, लांब ढांगांची, वेगातली. मग तळव्यात अलगद शिरली मातीनं भरलेली, इवली बोटं.

वर्षाराणीनं मूठ मिटली आणि मागं न बघता पुढचं पाऊल टाकलं.