काढलेली मूठ

"चुलीवर आधण ठेवायच्या आधी मूठ काढजो, आशा. अन् एकदा काढलेली मूठ मडक्यात वापस टाकायची नाई. घरात कमी पडलं तर आपन कमी खायचं."

सासूबाईंचं हे सांगणं आशाबाईंच्या कानात रोज सकाळी उमटायचं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा आवाज चुलीपाशीच बसून होता. आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा आणि मग तांदळाची मूठ. ती मूठ कोनाड्यातल्या डब्यात पडली की मगच आशाबाईंचा दिवस सुरू व्हायचा.

सिंदेवाहीहून जंगलाच्या कडेकडेने आत गेलं की डोंगरहेटी लागते. धानाचं गाव. तिथे ही मुठीची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दर शनिवारी घरोघरच्या बाया आपापला डबा मारुतीच्या देवळात नेत आणि सभामंडपातल्या बांबूच्या मोठ्या कणगीत, ज्याला तिकडे ढोला म्हणतात, रिता करीत. वर्षभर साठलेले ते तांदूळ हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला शिजत. मूठ वरून टाकायची बायांनी, पण ढोल्याच्या खालच्या झडपेचं कुलूप देवस्थान समितीचं, आणि समितीत बाई एकही नाही. याचं कोणाला काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आशाबाईंनाही वाटत नव्हतं.

त्या वर्षी जयंतीला महिनाभर असताना दूर उत्तरेत, डोंगराळ मुलखात मोठा भूकंप झाला. टीव्हीवर ढिगारे दिसू लागले. समितीचे अध्यक्ष प्रफुलभाऊ मनाने वाईट नव्हते, पण पुढे उभं राहायची हौस मोठी. त्यांनी लगेच सभा घेतली. आपल्या गावानेही मदत पाठवायची, शनिवारी टेम्पो निघेल, ज्याच्या घरी जुने कपडे असतील त्याने आणून टाकावेत, असं ठरलं.

आता जुने कपडे कोणाच्या घरी नसतात? तुमच्या-आमच्या पेट्यांच्या तळाशी असतं तेच आशाबाईंच्या पेटीच्या तळाशी होतं. विरलेलं लुगडं, चेन तुटलेली पँट, बिनगुंड्यांचे सदरे. त्यांनी मोठ्या श्रद्धेने त्याचं बोचकं बांधलं. पुण्य लागेल आणि पेटीही मोकळी होईल, असं त्यांना वाटलं.

त्यांचे यजमान मुखरूजी ओसरीत सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "ह्या पँटीवर भांडेवालीनं एक चमचाई देला नाई. आता भूकंपवाल्याईले पाठवून राह्यली का?"

"गरिबाईले काईबी चालते," आशाबाई म्हणाल्या.

मुखरूजी नुसते हसले. ते हसणं आशाबाईंना थोडं टोचलं, पण त्यांनी गाठ घट्ट मारली.

संध्याकाळी दिव्यानीचा फोन आला. दिव्यानी त्यांची लेक, बल्लारपूरला नर्स. भूकंप झाल्यावर एका सेवाभावी संस्थेच्या पहिल्या तुकडीबरोबर ती तिकडे गेली होती. आवाज बसला होता. आशाबाईंनी कौतुकाने टेम्पोची हकिकत सांगितली. 

मग दिव्यानी म्हणाली, "आई, कपडे नको पाठवू. इथं रस्त्याच्या कडेले कपड्याचे ढीग पडले हायेत, भिजून सडून राह्यले. काल एका बाईनं त्यातून एक झंपर उचलला, त्याले पाठच नव्हती. तिनं तो घडी करून वापस ठेवला, अन् माह्याकडे पाह्यलं. मले मान वर करता आली नाई."

मग तिने सांगितलं की तिच्या तंबूत सगळ्या बाळंतिणी आहेत. पुड्यांतली बिस्किटं खाऊन कोणाच्या अंगात दूध उतरत नाही. गरम पेज हवी. पण तांदूळ नाहीत, शिजवायला गंज म्हणजे मोठं पातेलं नाही, आणि चूल मांडून वेळेवर रांधणारं माणूस तर मुळीच नाही. संस्थेची दुसरी तुकडी रविवारी बल्लारपूरहून निघणार होती. तिच्याबरोबर कोणी काही धाडलं तर तेवढ्या बाळंतिणींचं निभावेल.

"तांदूळ मी पाठवते," आशाबाई बोलून गेल्या. "अन् रांधाले कोनी नाई भेटलं तं मी येते."

"तू? तू तर मावशीच्या गावालेबी मुक्काम करत नाई, नेम मोडते म्हनून."

"येते म्हनलं ना."

फोन ठेवला आणि आशाबाई त्या बोचक्याकडे बघत बसल्या. पाठ नसलेला झंपर त्यात नव्हता, पण त्याचेच भाऊबंद होते. त्यांनी गाठ सोडली, एकेक कपडा उलगडून पाहिला आणि चुलीपाशी पोतेऱ्याला ठेवून दिला. लाज वाटली. ही लाज फार कामाची असते, वाचकहो. ती वाटली की माणूस बदलू लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या प्रफुलभाऊंच्या दारी गेल्या. ढोल्यातले तांदूळ भूकंपग्रस्तांना पाठवावेत, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. प्रफुलभाऊंनी त्यांना आदराने खुर्ची दिली, चहा पाजला आणि नाही म्हटलं. तांदूळ मारुतीचे. भंडाऱ्याला आमदार येणार, पंचक्रोशी जेवणार. देवाचं धान्य असं कुठेही धाडता येत नाही. आणि कुलूप उघडायचं तर समितीचा ठराव लागतो. आशाबाई उठल्या. दारात प्रफुलभाऊंची बायको उर्वशी उभी होती. ती आशाबाईंना सोडायला फाटकापर्यंत आली.

मोहफुलांचे दिवस होते. शुक्रवारी पहाटे आशाबाई टोपली घेऊन जंगलाच्या कडेला गेल्या, तर त्यांच्या झाडाशेजारच्या झाडाखाली बायनाबाई फुलं वेचत होती. बायनाबाई बौद्ध मोहल्ल्यातली. दोघी वर्षानुवर्षं एकाच बांधीत, धानाच्या एकाच चिखलात, रोवणा म्हणजे लावणी करत आलेल्या, पण शिदोरी सोडायला वेगवेगळ्या धुऱ्यावर, वेगवेगळ्या बांधावर बसणाऱ्या. आशाबाईंनी तिला सगळं सांगितलं. तोंडी दिलेला शब्द, प्रफुलभाऊंचं कुलूप, आणि आत कुठेतरी बसलेली भीती: गाव सोडलं तर नेमाचं काय होणार?

बायनाबाई वेचता वेचता थांबली.

"तुह्या सासूनं काय सांगतलं होतं? काढलेली मूठ वापस टाकायची नाई. म्हंजे ते आपली राह्यली नाई. मंग ज्याले भूक लागली त्याची झाली का कुलपवाल्याची झाली?"

आशाबाईंनी हातातली फुलं टोपलीत टाकली.

"अन् नेम काय चुलीले बांधला हाय? तिथं आधण ठेवशीन तवा तिथं काढजो मूठ." बायनाबाई पुन्हा वाकली. "मीबी काढते. बुद्धपौर्णिमेले आमच्या विहारात खीर होते, त्याच्यासाठी. पाह्यजे तर या खेपची तुह्या बाळंतिनीले देते. पन एक सांग. एकाच पोत्यात टाकशीन का?"

एवढ्या वर्षांत आशाबाईंनी तिला कधी विचारलंच नव्हतं, की बाई, तुझ्या घरी मूठ काढतात का? विचारलं असतं तर तिचे तांदूळ ढोल्यात का चालत नाहीत, हेही विचारावं लागलं असतं.

"उद्या देवळात ये," त्या म्हणाल्या.

"मंडपाच्या बाहेर का आत?"

"ये तं खरी."

शनिवारी देवळापुढे टेम्पो सजला होता. त्यावर बॅनर. बॅनरवर प्रफुलभाऊंचा हसरा फोटो एवढा मोठा, की भूकंप हा शब्द कोपऱ्यात जाऊन बसला होता. मागे कपड्यांचा ढीग. नारळ तयार होता. बाया नेहमीप्रमाणे डबे घेऊन ढोल्यापुढे रांगेला लागल्या होत्या.

आशाबाईंचा शनिवारचा उपास. त्यांनी मारुतीला तेल वाहिलं, रुईच्या पानांची माळ घातली, नमस्कार केला आणि मंडपाच्या मधोमध एक रिकामं पोतं उघडून ठेवलं. आपला डबा त्यात ओतला.

"आशाबाई, ढोला तिकडं हाय," प्रफुलभाऊ म्हणाले.

"माहीत हाय, भाऊ. आज मूठ इथं."

 आशाबाईंचा आवाज कधीच वर चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. म्हणून ऐकायला सगळे जवळ सरकले. त्यांनी दिव्यानीच्या तंबूतल्या बाळंतिणींची गोष्ट सांगितली, झंपराचीही सांगितली.

"ते सगळं ठीक हाय," प्रफुलभाऊ म्हणाले, "पन हे देवाचं हाय. देवाच्या कामात असं चालत नाई."

"कोनत्या देवाचं, भाऊ? एक जन मूर्च्छा येऊन पडला होता, तं त्याच्यासाठी ह्या देवानं अख्खा डोंगर उचलून आनला. आता डोंगरच अंगावर आलेल्या मानसाईले त्याच्या नावाची मूठ पोचली, तं तो रागावंन? मले नाई वाटत. रागावला तं मले रागावू द्या."

"अन् भंडाऱ्याले आमदार साहेब येतीन, त्याईच्या पानात काय वाढू?"

"ह्या साली ज्यानं त्यानं घरून डबा आना म्हना," मागून कोणीतरी म्हणालं. "साहेबबी आनतीन." हशा पिकला.

प्रफुलभाऊंचा चेहरा लाल झाला. त्यांनी आवाज चढवला. गाव मदत करतंच आहे, टेम्पोभर कपडे चालले आहेत, ते काय उगाच?

आशाबाई शांतपणे टेम्पोपाशी गेल्या. ढिगातून हाताला आला तो सदरा त्यांनी ओढून काढला. त्याची एक बाही कोपरापासून गायब होती. तो त्यांनी झटकला, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी प्रफुलभाऊंपुढे धरला.

"हा अंगात घाला, भाऊ. मंग नारळ फोडा."

 प्रफुलभाऊंनी सदऱ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. ज्यांचे कपडे होते ते जमिनीकडे बघू लागले. मदत म्हणून आपण काय चालवलं होतं! सगळ्यांना एकाच वेळी दिसलं आणि कोणालाच कोणाकडे बघवेना.

तेवढ्यात मंडपाच्या कडेशी बायनाबाई येऊन थांबली. हातात डबा. मोहल्ल्याच्या बाया नेहमी जिथे थांबत, तिथेच. आशाबाईंनी सदरा खाली ठेवला, तिच्याकडे गेल्या आणि तिचा हात धरून तिला आत आणलं.

"टाक. तुह्या हातानं टाक."

बायनाबाईने डबा ओतला. मागे कुजबुज उठली. एक म्हातारबुवा म्हणाले, आता हे वेगळे कसे करायचे?

"निवडून पाहा, बुवा," आशाबाई म्हणाल्या. "एकेक दाना पाहा. फरक दिसला तं मले आवाज द्या, मी आपल्या हातानं वेगळे करते."

म्हातारबुवा पोत्याकडे बघत राहिले. तांदूळ तांदळासारखे दिसत होते.

मग रांगेतली पहिली बाई ढोल्यापासून वळली आणि तिने आपला डबा पोत्यात ओतला. तिच्यामागून दुसरी आली. उर्वशी सगळ्यात शेवटी आली. तिने डबा रिता केला आणि पदराची गाठ सोडून घरातल्या खुंटीवरून आणलेली ढोल्याची किल्ली नवऱ्यापुढे धरली.

"भाऊजीच्या, सासऱ्याच्या, तुमच्या नावाची मूठ मीच काढते," ती म्हणाली. "उघडा."

प्रफुलभाऊ किल्लीकडे बघत होते. गावाला वाटलं आता भांडण होणार. पण ते टेम्पोवर चढले. स्वतःच्या हाताने बॅनर सोडलं, हसरा चेहरा खाली करून गाडीच्या तळाला अंथरलं आणि कपडे उतरवायला लागले.

"पोते चढवाले कोन येते?" ते ओरडले. "का तेबी बायाईनंच करायचं?"

ढोला उघडला. पोती भरली. बायनाबाईच्या मोहल्ल्यातून आणखी डबे आले आणि तेही त्याच पोत्यांत गेले. बाळांना गुंडाळायला चालतील असे घरोघरचे धड, धुतलेले कपडे आले तेवढे एका गाठोड्यात बांधले. उरलेले ज्याचे त्याने उचलून नेले. दुपारी टेम्पो बल्लारपूरच्या रस्त्याला लागला. नारळ फोडायचा राहूनच गेला.

बंधूंनो, भगिनींनो, संकटात सापडलेल्या माणसाचं घर पडतं, त्याचा मान पडत नाही. जे आपण स्वतः अंगावर घालणार नाही, ते दयेच्या नावाखाली त्याच्या अंगावर टाकू नये. त्याला काय हवं ते आधी विचारावं आणि आपल्या ताटातलं द्यावं. आणि ज्या हातांनी घरातली मूठ निघते, त्या हातांना ती कुठे जावी हे सांगण्याचा हक्क आहे. हात कोणत्या मोहल्ल्याचे, हे देव बघत नाही. आपणही बघायचं सोडून द्यावं.

रविवारी उजाडता उजाडता आशाबाईंनी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा गंज पोत्यात घालून बांधला. मुखरूजी चुलीपाशी फुंकणी घेऊन बसले होते. भाताला पाणी किती ठेवायचं, हे त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"बोटाच्या दुसऱ्या पेरावर येईन एवढं," आशाबाई म्हणाल्या. "अन् आधण ठेवायच्या आधी मूठ काढजा. एकदा काढली का वापस टाकायची नाई."

"मी? मी बाप्या मानूस, मी काढू?"

"मूठ तं तुमालेबी हाय."

मुखरूजींनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो मडक्यात घातला.

आशाबाईंनी आजची आपली मूठ पदराच्या टोकाला बांधली. गंज डोक्यावर घेतला. फाट्यावर बायनाबाई बोचकं घेऊन उभी होती. गावात कोणाला न सांगता तीही निघाली होती.  सिंदेवाहीला बल्लारपूरची गाडी पकडायची होती. त्या चालू लागल्या.