वॉलरसचे उष्टे

मित्रांनो, मी जबडा आहे. नुसता जबडा. डोळे नाहीत, कान नाहीत, पोटही नाही. दोन लोखंडी ओंजळी, मध्ये एक बिजागरी आणि वर दोर बांधायची कडी, एवढाच माझा संसार. कागदोपत्री मला ग्रॅब म्हणतात, पण आमच्या गावात सगळे मला ‘खादाड’ म्हणतात. डोळे-कान नसताना याला सगळे कळते कसे, असे तुमच्यापैकी एखादा शहाणा विचारील. त्याने मागच्या बाकावर जाऊन बसावे.

माझा जन्म दूर दक्षिणेला, हॅलिफॅक्सच्या बंदराजवळच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला जोडले, त्याचे त्या दिवशी बायकोशी भांडण झाले होते. तो सगळा राग माझ्या डाव्या ओंजळीच्या सांध्यावर निघाला. तेव्हापासून माझे तोंड जरा वाकडेच मिटते. पुढे मला पेटीत घालून उत्तरेला, या बर्फाच्या समुद्राकाठी आणले, आणि मी इथलाच झालो.

माझे काम ऐकायला सोपे आहे. बोटीवरून दोराने मला खाली सोडतात. मी आ वासून समुद्राच्या तळाशी जातो. तळाला टेकलो की खटका सुटतो, मी तोंड मिटतो आणि घासभर चिखल घेऊन वर येतो. वर आल्यावर मला तो ओकायला लावतात. मग चाळणीत चिखल धुऊन त्यातले किडे, शिंपले, तारामासे बरण्यांत भरतात. तळाशी कोण राहते, कोणाचे कुटुंब वाढले, कोण नाहीसे झाले, याची ही खानेसुमारी. तुमच्याकडे जनगणनेला मास्तर घरोघर जातात ना, तसाच मी जातो. फक्त मी दार वाजवत नाही, आणि येताना घरच्या मंडळींसकट ओसरी उचलून आणतो. इतकी वर्षे खातो आहे, पण अंगाला म्हणून काही लागले नाही.

मी भरलेला वर आलो की बोटीचा मालक कूपाक माझ्या पाठीवर थाप मारतो. पण कधी कधी जबड्यात दगड अडकतो, तोंड पुरते मिटत नाही आणि वर येईपर्यंत सगळा चिखल गळून जातो. तेव्हा कूपाक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. माझ्या सात पिढ्या म्हणजे खाणीतले दगड, पण तो त्यांनाही सोडत नाही. कूपाक मोठा शिकारी. देह धिप्पाड आणि जीभ त्याहून लांब. बोटीवर दुसऱ्या असत सोलांजबाई. त्या क्युबेकच्या, समुद्री जीवांच्या शास्त्रज्ञ. दर उन्हाळ्यात त्या इतक्या नेमाने येत की गावातली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायची बंद झाली होती.

आता त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो. लोखंडाच्या खाणीच्या एका कंपनीने बेत आखला. खनिज न्यायला येणारी मोठी जहाजे आपली पाळी येईपर्यंत गावासमोरच्या खाडीत नांगर टाकून उभी राहणार. वारा फिरला की जहाज फिरते, जहाजाबरोबर नांगराची साखळी फिरते आणि तळाचा चिखल पार खरवडून काढते. त्या चिखलात शिंपले राहतात. शिंपल्यांवर वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे थोराड समुद्री प्राणी, जगतात आणि वॉलरसांवर आमचे गाव. वॉलरस गेले तर कूपाकच्या घरी हिवाळ्यात दुकानातले डबे फोडायची वेळ येणार होती. तसला एक डबा त्याने बोटीवर उघडून पाहिला होता. त्यातल्या मांसाला ना वास, ना चव. ते त्याने पक्ष्यांना टाकले, तर पक्षीही विचारात पडले.

कंपनीचे म्हणणे असे की या खाडीचा तळ मेलेला आहे, वॉलरस इथे जेवायला थांबतच नाहीत, नुसते पोहत पुढे जातात. गावच्या सभागृहात सुनावणी ठरली. तळ जिवंत आहे हे तोवर सोलांजबाईंनी दाखवायचे, नाही तर जहाजे येणार. कंपनी लोखंडाची, म्हणजे तशी माझी भाऊबंदच. पण भाऊबंदकी काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. मी गावाच्या बाजूने होतो.

आणि पहिले काही दिवस मी गावाची अब्रू घालवली. जिथे सोडावे तिथे माझ्या तोंडात दगड.

“हा बघ, पुन्हा गोटा घेऊन आला,” कूपाक ओरडे. “अरे, तुला जेवायला पाठवलाय की भिंत बांधायला?”

“त्याला कशाला बोलतोस?” सोलांजबाई म्हणत. “जागा बदलून बघू.”

“जागा बदलून तोंड सरळ होतं होय?”

मला फार वाईट वाटे. जन्माचे व्यंग असे चारचौघांत काढू नये.

मग एका सकाळी कूपाकचा खांदा धरला. आदल्या दिवशी ओली बोट वाळूवर ओढताना तो आखडला होता. त्याने सुकाणू धरले आणि दोर सोलांजबाईंच्या हाती आला. आजवर त्या चाळणीजवळ बसत. मला ओढण्याचे काम त्यांनी कधी केले नव्हते. त्यांनी दात-ओठ खात मला वर घेतले. मी जड होतो. फळीवर तोंड उघडले, आणि काय सांगू, शिंपलेच शिंपले! जाडजूड, मूठभर एकेक, चिखलातून माना बाहेर काढून पाण्याच्या पिचकाऱ्या उडवणारे. तुमच्याकडच्या तिसऱ्यांचे हे थोराड चुलते. दुसऱ्यांदा ओढले, पुन्हा तेच. सोलांजबाई हसत होत्या, कूपाक दुखऱ्या खांद्यानेच टाळ्या पिटत होता.

आणि त्या भरात त्याने बोटीवरचा रेडिओ उचलला.

आमच्या गावात प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो. कोणाचे बाळ रांगले, कोणाचा हातमोजा हरवला, सगळे त्याच्यावर. कूपाक गरजला, “ऐका हो! सोलांजने आज स्वतःच्या हाताने शिंपले काढले! आयुष्यात पहिल्यांदा! चाळणीत मावत नाहीत एवढे!”

मित्रांनो, आमच्याकडे रीत आहे. माणसाने जन्मात पहिल्यांदा समुद्रातून काही काढले की ते सगळेच्या सगळे गावात वाटायचे, आधी म्हाताऱ्यांना. स्वतः त्यातले काही खायचे नाही. लहानपणीच हे सगळ्यांचे उरकते, पण सोलांजबाईंचे राहून गेले होते. बोट किनाऱ्याला लागली तेव्हा गावातल्या साऱ्या आज्या वाडगी घेऊन उभ्या होत्या. पुढे पानिआक आजी. कूपाकची ही आजी, गावातली सर्वांत म्हातारी. तिच्या हातात अर्धचंद्री सुरी होती, आणि ती तिने येतानाच धार लावून आणली होती.

“कूपाक,” सोलांजबाई हळूच म्हणाल्या, “हे नमुने आहेत. सुनावणीचे.”

कूपाकच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्याचा चेहरा असा उतरला की मला माझ्या वाकड्या तोंडाचे काही वाटेनासे झाले. “आता नाही म्हणता येणार नाही गं,” तो पुटपुटला. “नाही म्हटलंस तर जन्मभर तुझ्या दोराला काही लागायचं नाही.”

“आजी, दोन तरी ठेवू?”

“पहिली शिकार अर्धी वाटतात का कुठे?” पानिआक आजी म्हणाली. “आणि खिशातले काढ. खिसा पिचकारी मारतोय.”

खिसाही रिकामा झाला. आज्या तिथेच दगडांवर बसल्या, कच्चेच शिंपले कापून खाऊ लागल्या. खाता खाता प्रत्येकीने आपल्या पहिल्या शिकारीची आठवण काढली. कवचे फेकली, ती कुत्र्यांनी कडाकडा फोडली. शेवटी पानिआक आजीने चिखलाच्या हातांनी सोलांजबाईंचे गाल धरले. “एवढी वर्षं पाहुणी होतीस,” ती म्हणाली. “आज घरची झालीस.” सोलांजबाईंना रडू आले. निम्मे आनंदाचे होते, निम्मे नमुन्यांचे.

त्यांना वाटले होते, उद्या पुन्हा जाऊ. पण दुपारीच वारा सुटला. खाडी पांढरी झाली. बोटी ओढून वर घेतल्या आणि मी ताडपत्रीखाली पडून राहिलो. कूपाक रोज येऊन समुद्राकडे बघे, मग रेडिओकडे असा बघे की मला रेडिओची दया येई. वारा थांबला तो थेट सुनावणीच्या दिवशी सकाळी.

आम्ही निघालो. त्याच जागी पोचलो. आता सोलांजबाई दोराला हात लावायलाच तयार नव्हत्या. कूपाकने मला सोडले. मित्रांनो, मला देव माहीत नाही, पण त्या दिवशी खाली जाताना मी त्या कारागिराच्या बायकोला हात जोडले. भांडली नसतीस तर बरे झाले असते, आता निदान एवढा घास सरळ मिटू दे. मी टेकलो. खटका सुटला. तोंड मिटले, दगड नव्हता. पण वर येताना मलाच कळले की मी हलका आहे.

कूपाकने तोंड उघडले. करडा चिखल आणि रिकामी कवचे. एकात जीव नाही. दुसऱ्यांदा सोडले. पुन्हा रिकामी कवचे.

कूपाकने टोपी काढून आपटली. “मेल्या! करंट्या! गावाचं घर बुडवायला जन्मलास! तुला वितळवून खिळे करतो बघ!”

लाज वाटायला चेहरा लागतो, तो नाही, पण लाज वाटली. आता खाडीत जहाजे येणार आणि ती माझ्यामुळे येणार, एवढेच मनात होते.

सोलांजबाई मात्र गुडघ्यांवर बसल्या होत्या. एकेक कवच उचलून त्या पाण्यात धूत होत्या. कवचाच्या दोन्ही पाकळ्या जोडलेल्या. कुठे तडा नाही. आतून ओली चकाकी आणि काठाला मांसाचा तुकडा अजून चिकटलेला. त्यांनी एक उचलले, दुसरे उचलले, आणि अशी किंकाळी फोडली की कूपाक त्यांना सावरायला धावला.

“जेवून गेलेत!” त्या ओरडत होत्या. “कूपाक, आत्ताच जेवून गेलेत! फोडलं नाही, चावलं नाही, नुसतं ओढून घेतलंय. असं चोखून कोण खातं सांग?”

कूपाकने कपाळावर हात मारून घेतला. “वॉलरस! अगं, जन्मभर मी त्यांच्या पोटातले शिंपले खाल्ले. पोटात कवच कधी नसतंच. ते ताटात टाकून येतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

दोघे त्या चिंचोळ्या बोटीत असे नाचले की आम्ही तिघेही तळाचा हिशेब द्यायला खाली जाण्याच्या बेतात होतो. नंतर आजूबाजूलाही मला सोडले. तिथे जिवंत शिंपलेही मिळाले. ते मुकाट्याने बरणीत गेले. कूपाकचा हात पोचू नये म्हणून घरी परतेपर्यंत सोलांजबाई रेडिओवरच बूड टेकून बसल्या होत्या.

सभागृहात मला टेबलावर ठेवले, शेजारी त्या कवचांची टोपली. माझ्यातून चिखल ठिबकत होता. कंपनीचे ग्रेंजर साहेब समोर बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचे बूट फार नवे होते. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिले.

“पण बाई, ही तर रिकामी आहेत,” ते म्हणाले. “मी तेच म्हणत होतो. इथे काही उरलेलं नाही.”

सोलांजबाई उत्तर देणार, एवढ्यात मागून पानिआक आजी उठली. काठी टेकत पुढे आली. तिने एक कवच हातात घेतले, उघडले, मिटले आणि साहेबांच्या तळहातावर ठेवले.

“खरकटं ताट बघून जेवण झालंच नाही म्हणणारा तू पहिलाच भेटलास,” ती म्हणाली. “वास घे. आजचं उष्टं आहे.”

ग्रेंजर साहेबांनी वास घेतला. मग ते कवच त्यांनी जपून टेबलावर ठेवले. सोलांजबाईंनी बरणी दाखवली आणि कोणत्या जागी काय मिळाले, ते सांगितले. शेवटी सुनावणी घेणाऱ्या मंडळींनी ठरवले की जहाजे खाडीबाहेर, खोल पाण्यात थांबतील. आत नांगर पडणार नाही. सभागृहात एवढा कल्ला झाला की बाहेरची कुत्री पळून गेली.

लोक घरी गेल्यावर कूपाक मला उचलून बाहेर घेऊन आला. त्याने किटलीतले कोमट पाणी माझ्या तोंडात ओतले, कोपऱ्यातला चिखल बोटाने काढला, बिजागरीला सीलचे तेल चोळले. एरवी तो हे काम दोन मिनिटांत उरकतो, त्या दिवशी बराच वेळ बसला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. खारे पाणी लोखंडाला खाते, म्हणून माझ्यासारख्याला कामानंतर गोड्या पाण्याने धुवा, तेल द्या, उन्हापावसात टाकून देऊ नका. एवढे आमच्यासाठी करा. मला अजूनही खाडीत सोडतात. कधी भरलेला येतो, कधी रिकामा. रिकामा आलो, तरी आता कूपाक ओरडत नाही. आधी गुडघे टेकतो, माझ्या तोंडात वाकून नीट बघतो आणि विचारतो, “काय रे खादाडा, आज आपल्याआधी कोण जेवून गेलं?”